रक्ताची साक्ष

घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली, की डोहाळ्यांच्या कौतुकाबरोबर एक फाईलही सुरू होते. सूनबाईंना डॉक्टरीणबाईंकडे नेले जाते, वजन होते, रक्तदाब पाहिला जातो, आणि मग एक लांबलचक चिठ्ठी घेऊन मंडळी रक्त द्यायला प्रयोगशाळेत जातात. संध्याकाळी अहवाल घरी आला, की सासूबाई चष्मा लावून आधी हिमोग्लोबिन पाहतात आणि उद्यापासून पालकाची भाजी वाढवायचे ठरवतात. यजमान रक्तगट पाहतात. साखर तर सगळेच पाहतात. पण त्याच कागदावर खाली कुठेतरी 'व्हीडीआरएल' अशी चार इंग्रजी अक्षरे असतात, त्यांच्यापुढे 'नॉन-रिॲक्टिव्ह' असे छापलेले असते, आणि त्या ओळीवरून साऱ्या घराची नजर नुसती घसरून जाते. ही कशाची तपासणी, हे बहुतेक घरांत कोणी विचारत नाही. डॉक्टरीणबाईही आपण होऊन सांगत नाहीत, कारण सांगितले तर पुढचा अर्धा तास समजूत घालण्यात जाईल, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

ही उपदंशाची तपासणी आहे. उपदंश म्हणजे आपल्या बोलीतली गरमी.

"आमच्या घरात ही तपासणी कशाला?" असे कोणी म्हणेल. म्हणणे स्वाभाविक आहे. पण डॉक्टर ही तपासणी माणूस पाहून लिहून देत नाहीत, प्रत्येक गर्भवतीला देतात, मग ती चाळीतली असो की बंगल्यातली. याचे कारण साधे आहे. हा रोग आईच्या अंगात वर्षानुवर्षे मुकाट्याने राहू शकतो आणि तिथून नाळेतून बाळापर्यंत पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे ११ लाख गर्भवतींना हा रोग होता, आणि त्यापायी ३ लाख ९० हजारांहून अधिक बाळंतपणांत काही ना काही अनिष्ट घडले. कुठे मूल पोटातच गेले, कुठे अपुऱ्या दिवसांचे झाले, कुठे जन्मतःच रोग घेऊन आले. आणि हे सारे टळण्यासारखे होते, तेही स्वस्तातल्या तपासणीने आणि त्याहून फार महाग नसलेल्या इंजेक्शनाने.

शेजाऱ्याच्या नावाचा रोग

या रोगाचे नामकरण पाहिले तर मनुष्यस्वभावाची मोठी गंमत दिसते. १४९५ च्या सुमारास इटलीतल्या नेपल्सपाशी फ्रेंच राजा आठवा चार्ल्स याच्या स्वारीत ही साथ उसळली. इटालियन लोकांनी तिला 'फ्रेंच रोग' म्हटले, फ्रेंचांनी 'नेपल्सचा रोग' म्हटले, रशियनांनी ती पोलंडच्या गळ्यात बांधली. आपल्याकडे सोळाव्या शतकात भावमिश्रांनी 'भावप्रकाशा'त तिला 'फिरंग' असे नाव दिले, कारण ती फिरंग्यांबरोबर आली. जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. आपल्या घरात हा रोग असूच शकत नाही, ही समजूत निदान पाचशे वर्षांची जुनी आहे.

ती समजूत मराठी माणसापुढे उघडपणे मोडून काढण्याचे काम रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. १९२७ साली सुरू केलेले 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली. त्याबद्दल समाजाने त्यांना काय दिले, तर अश्लीलतेचे खटले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. कर्व्यांचे मासिक घरात उघड्यावर ठेवायची पुष्कळांना चोरी होती. आज व्हीडीआरएलचा अहवाल फ्रिजवरच्या फायलीत उघडा पडलेला असतो, पण वाचतो कोण?

दरोडेखोर आणि गस्त

उपदंशाचा जंतू सापडला तो १९०५ च्या मार्च महिन्यात, बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात. फ्रिट्झ शाउडिन आणि एरिख हॉफमन या दोघांना तो प्रथम दिसला. मळसूत्रासारखे पीळ असलेला, अंगाने फिकट, म्हणून त्याचे नाव 'ट्रेपोनेमा पॅलिडम'. पॅलिडम म्हणजे फिकट. तो इतका बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकाच्या झगझगीत उजेडात हरवूनच जातो. यावर पुढच्याच वर्षी व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी (हेच ते रक्तगट शोधून काढणारे) तोड काढली. अंधाऱ्या माजघरात कौलांतून कवडसा पडला, की एरवी न दिसणारे धुळीचे कण त्यात लखलखताना आपण पाहतो. अगदी तीच युक्ती! पार्श्वभूमी काळी ठेवायची आणि प्रकाश बाजूने टाकायचा. मग तो जंतू चांदीच्या तारेसारखा वळवळताना दिसतो.

पण यासाठी जखमेतला द्रव हाती यायला हवा, आणि घोडे पेंड खाते ते इथेच. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी या रोगाचा पहिला व्रण उठतो, तो दुखत नाही. काही आठवड्यांत औषधावाचून आपोआप भरतो. स्त्रियांच्या बाबतीत तो आतल्या भागात असला, तर उठल्याचे आणि भरल्याचे तिला कळतही नाही. पुढे कधी अंगावर पुरळ येते, तेही जाते. त्यानंतर रोग दडी मारून बसतो, आणि ही दडी दहा-वीस वर्षांचीही असू शकते. बरे, प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहावा, तर हा पठ्ठ्या साध्या पोषकद्रव्यावर वाढतच नाही. सशाच्या पेशींच्या संगतीत त्याला काचपात्रात दीर्घकाळ वाढवण्यात अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या संशोधकांना यश आले ते २०१८ साली, म्हणजे शोधानंतर ११३ वर्षांनी.

तेव्हा जंतू दिसत नाही, वाढत नाही. मग त्याचा माग काढायचा कसा?

गावावर दरोडा पडला आणि दरोडेखोर डोंगरात पसार झाले, असे समजा. ते हाती लागत नाहीत. पण गावकरी कंदील-लाठ्या घेऊन रात्री गस्त घालताना दिसले, तर इथे काहीतरी घडून गेले आहे हे परक्यालाही कळते. आपल्या रक्तात अशीच गस्त असते. तिला शास्त्रीय भाषेत प्रतिपिंडे म्हणतात. रक्ताची तपासणी करणारा या गस्तीला हुडकतो. दरोडेखोर त्याला दिसत नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर अहवालातले निम्मे घोटाळे उलगडतात.

चुकीचे गणित, बरोबर उत्तर

ही गस्त हुडकण्याची पहिली रीत १९०६ साली बर्लिनमध्ये आउगुस्ट फॉन वासरमान यांनी, आल्बर्ट नाइसर आणि कार्ल ब्रुक यांच्यासह, प्रसिद्ध केली. तिचे मर्म पंगतीच्या दाखल्याने सांगता येईल. रक्तात 'पूरक' नावाचे एक द्रव्य असते. प्रतिपिंडाला त्याचे सावज भेटले, की ती जोडी हे पूरक खाऊन टाकते. वासरमान यांनी एका नळीत रुग्णाचा रक्तरस, उपदंशाचे जंतू असलेला अर्क आणि मोजके पूरक एकत्र केले. ही पहिली पंगत. मग त्याच नळीत मेंढीच्या तांबड्या पेशी आणि त्या फोडणारी प्रतिपिंडे सोडली. ही दुसरी पंगत, आणि पूरकावाचून हिचे चालत नाही. पहिल्या पंगतीने ताटे चाटूनपुसून स्वच्छ केली असतील, तर दुसरी पंगत उपाशी राहते, मेंढीच्या पेशी शाबूत राहून तळाशी बसतात, आणि रुग्णाला रोग आहे असे ठरते. पहिल्या पंगतीला कोणी जेवलेच नसेल, तर पेशी फुटून सारे पाणी लालभडक होते. म्हणजे इथे लाल रंग शुभवर्तमान घेऊन येई!

आता खरी मौज पुढेच आहे. वासरमान यांनी तो अर्क उपदंशाने मृत जन्मलेल्या अर्भकाच्या यकृतापासून केला होता, कारण त्यात जंतूंची रेलचेल असते. त्यांचा हिशेब सरळ होता: अर्कात जंतू, रक्तात जंतूविरुद्धची प्रतिपिंडे. पण वर्षभरातच दिसून आले, की निरोगी यकृताचा, इतकेच काय, बैलाच्या हृदयाचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क घातला तरी तपासणी तशीच लागते! बैलाच्या काळजात उपदंशाचे जंतू कोठून येणार? सारे गणित चुकले होते आणि उत्तर मात्र बरोबर आले होते. लुडविक फ्लेक नावाच्या पोलिश वैद्यकतज्ज्ञाने १९३५ साली याच एका तपासणीच्या इतिहासावर अख्खा ग्रंथ लिहिला. शास्त्रातली 'वस्तुस्थिती' कशी घडत जाते, याचा तो नमुना म्हणून आजही वाचला जातो.

त्या हृदयातल्या द्रव्याची ओळख पटवली ती मेरी पँगबॉर्न या संशोधिकेने, न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेत, १९४० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत. तो एक स्निग्ध पदार्थ निघाला. हृदयातून मिळाला म्हणून तिने त्याला 'कार्डिओलिपिन' हे नाव दिले. पण तो आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो. उपदंशाच्या जंतूने पेशींची नासधूस केली, की हा आतला माल उघड्यावर पडतो, आणि शरीर त्याच्याविरुद्धच गस्त उभी करते. म्हणजे ही गस्त दरोडेखोराचा चेहरा पाहून जमलेली नसते, जळत्या घरांचा धूर पाहून जमलेली असते. हा धूर आपल्याला पुढे लागणार आहे.

चार मिनिटांचा खेळ

शुद्ध कार्डिओलिपिन हाती आल्यावर मेंढ्या-बिंढ्यांचा खटाटोप संपला. १९४६ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या 'व्हेनेरिअल डिसीज रिसर्च लॅबोरेटरी'त एक सुटसुटीत रीत बसवली गेली. त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरे म्हणजेच आपली व्हीडीआरएल. तेव्हा आपल्या सूनबाईंच्या अहवालावर जे छापलेले असते, ते रोगाचे नाव नव्हेच. ते सातासमुद्रापलीकडच्या एका कचेरीचे नाव आहे!

तंत्रज्ञ काय करतो? रक्त गोठू देऊन वरचा पिवळसर रक्तरस घेतो आणि तो ५६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवतो. मग गोल कडी आखलेल्या काचपट्टीवर त्याचा एक लहानसा थेंब टाकतो आणि त्यावर कार्डिओलिपिन, लेसिथिन व कोलेस्टेरॉल यांच्या मिश्रणाचा एक थेंब सोडतो. हे मिश्रण रोज ताजे करावे लागते, कालचे आज चालत नाही. पट्टी यंत्रावर मिनिटाला १८० फेऱ्यांच्या वेगाने चार मिनिटे फिरवली, की लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. सारे एकजीव दिसले तर नॉन-रिॲक्टिव्ह. दूध नासल्यावर जसे दाणे धरते तशा गुठळ्या दिसल्या तर रिॲक्टिव्ह. पुढे निघालेल्या 'आरपीआर' या रीतीत त्या मिश्रणात कोळशाची बारीक पूड असते, म्हणून गुठळ्या काळ्या होतात आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सूक्ष्मदर्शकही नको आणि रक्तरस तापवण्याचीही गरज नाही.

रिॲक्टिव्ह आले, की पुढे एक आकडा येतो: १:२, १:८, १:६४ असा. तो पाहून लोकांच्या पोटात गोळा येतो. पण त्याचा अर्थ घरातल्या ताकाइतका सोपा आहे. आंबट ताकात पाणी घालावे, चव पाहावी, पुन्हा दुप्पट पातळ करावे, पुन्हा चव पाहावी. कितव्या खेपेपर्यंत आंबटपणा जिभेला लागतो, त्यावरून मूळचे ताक किती आंबट होते ते कळते. १:३२ म्हणजे बत्तीस पट पातळ केल्यावरही गुठळी धरली. हा आकडा औषधानंतर उतरायला हवा. ताज्या रोगात उपचारानंतर तो सहा महिने ते वर्षभरात निदान चौपटीने उतरला, म्हणजे १:३२ चा १:८ झाला, की डॉक्टर समाधानाने मान हलवतात. मात्र १:८ चा १:४ झाला म्हणून पेढे वाटू नयेत आणि १:४ चा १:८ झाला म्हणून झोप उडवून घेऊ नये. एका पायरीचा फरक एकाच रक्ताच्या दोन तपासण्यांतही पडतो.

कधी कधी गस्त इतकी दाट असते, की गर्दीमुळेच गुठळी धरत नाही आणि भरपूर रोग असलेल्या माणसाचा अहवाल कोरा येतो! रक्तरस पातळ करून पाहिला, की खरे उजेडात येते. आणि संसर्ग अगदी ताजा असेल, तर गस्त अजून जमलेलीच नसते. धोक्याचा प्रसंग घडल्यावर दुसऱ्याच दिवशी जाऊन कोरा अहवाल खिशात घातला आणि निश्चिंत झालो, असे होत नाही. साधारण सहा आठवडे ते तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यावे लागते.

धूर दुसऱ्या आगीचाही असतो

आता तो धूर. पेशींची नासधूस काही एकटा उपदंशच करत नाही. हिवताप, महारोग, काही विषाणूंचे ज्वर, आणि ज्यांत शरीर स्वतःवरच उलटते असे ल्यूपससारखे विकार, या साऱ्यांत व्हीडीआरएल खोटी रिॲक्टिव्ह येऊ शकते. एवढेच काय, नुसत्या गरोदरपणामुळेही कधी येते. असले खोटे आकडे बहुधा लहान, १:८ च्या आतले असतात. पण लहान आकडा म्हणजे खोटाच, असेही नाही. जुन्या, दडी मारलेल्या उपदंशातही आकडा लहानच असतो.

१९३५ साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याने लग्नापूर्वी वधूवरांची उपदंशाची तपासणी कायद्याने सक्तीची केली, आणि पाठोपाठ पुष्कळ राज्यांनी तोच कित्ता गिरवला. आपल्याकडे पत्रिका अडते, तिकडे रक्त अडू लागले! त्यातल्या कित्येकांना रोग नव्हताच, नुसता धूर होता. पुढे हे कायदे एकेक करून रद्द झाले.

म्हणून दुसरी तपासणी लागते, दरोडेखोराचा चेहरा ओळखणारी. १९४९ साली निघालेल्या पहिल्या रीतीत सशात वाढवलेले जिवंत जंतूच रुग्णाच्या रक्तरसात सोडत आणि ते वळवळायचे थांबतात का हे पाहत. अचूक, पण भारी कटकटीची. १९६५ नंतर 'टीपीएचए' आली, आणि मेंढी पुन्हा मदतीला धावली. तिच्या तांबड्या पेशींवर उपदंशाच्या जंतूचे कण चढवलेले असतात. रुग्णाच्या रक्तात खऱ्या जंतूची प्रतिपिंडे असली, तर त्या पेशी एकमेकींचे हात धरून खोलगट वाटीच्या तळाशी चादरीसारख्या पसरतात. नसली तर घरंगळत जाऊन मध्यभागी बटणासारखा ठिपका होतो. यासाठी वापरतात ते जंतू बहुधा १९१२ साली वॉशिंग्टनमध्ये एका रुग्णापासून मिळालेल्या वाणाचे वंशज असतात. शंभराहून अधिक वर्षे सशांच्या पिढ्यांनी ते सांभाळले आहेत.

या तपासणीचाही एक दोष आहे. चेहरा एकदा पाहिलेली गस्त तो सहसा विसरत नाही. रोग पूर्ण बरा झाला तरी टीपीएचए बहुतेकांत जन्मभर रिॲक्टिव्ह राहते. तेव्हा दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचायचे असतात. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आणि टीपीएचए कोरी, तर धूर बहुधा दुसऱ्या आगीचा. दोन्ही रिॲक्टिव्ह, तर रोग आहे, किंवा होता आणि त्याची खूण अजून पुसलेली नाही. पूर्वी उपचार झाले होते का, हे विचारावे लागते. व्हीडीआरएल कोरी आणि टीपीएचए रिॲक्टिव्ह, तर बहुधा जुना, बरा झालेला रोग. पण अगदी ताजा किंवा फार मुरलेलाही असू शकतो. इथे यंत्र थांबते आणि डॉक्टरांचे डोके सुरू होते.

वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीचे उदाहरण घ्या. तिची व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आली, की घरात कुजबुज सुरू होते, आणि सारा दोष तिच्या नाहीतर नवऱ्याच्या चारित्र्यावर जातो. पण तिला उपदंश नसेलही. १९८३ साली लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी अशाच स्निग्ध पदार्थांविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होणारा एक निराळाच विकार वर्णन केला. त्यात रक्ताच्या गुठळ्या होतात, नाळेचा रक्तपुरवठा अडतो आणि गर्भ टिकत नाही. जंतूचा संबंध नाही, संगतीचाही नाही. तरी व्हीडीआरएल मात्र रिॲक्टिव्ह येऊ शकते. कागदावरची ओळ तीच. पण एका बाईला पेनिसिलिन हवे, तर दुसरीला ॲस्पिरिन आणि हेपॅरिन. टीपीएचए केल्यावाचून ही निवड व्हायची नाही, आणि कुजबुजीत दोन महिने गेले, तर दोघींपैकी कोणाचेच भले व्हायचे नाही.

अहवाल कोणाचा?

प्रसूतिगृहांत अजूनही एक विचित्र प्रथा आढळते. रक्त बाईचे, नळी बाईच्या नावाची, आणि अहवाल मात्र बाहेर बाकावर बसलेल्या यजमानांच्या किंवा सासूबाईंच्या हाती! हिमोग्लोबिनच्या बाबतीत ते चालून जाईल. या तपासणीत ते चालू नये. रिॲक्टिव्ह अहवाल आधी तिला, एकांतात, समजावून सांगितला गेला पाहिजे. नंतर नवऱ्याला बोलावून त्याची तपासणी आणि उपचार. नुसत्या बायकोला औषध देऊन भागत नाही, नवऱ्याकडून रोग पुन्हा येतो.

आणि नवराबायकोंनी एक गोष्ट समजून घ्यावी: हा रोग कोणाकडून आला आणि कधी आला, ते रक्त सांगत नाही. लग्नापूर्वीचा, पंधरा वर्षे दबलेला रोगही आज प्रथम कागदावर उमटू शकतो. त्या कागदावर फिर्याद उभी करता येत नाही. तसेच, ताट, वाटी, टॉवेल, संडास यांतून तो येत नाही, म्हणून मोलकरणीचा कप वेगळा ठेवणाऱ्यांनी या रोगाची सबब पुढे करू नये.

तपासायचे आणि सांगायचे नाही, याचा शेवट कुठे होतो, हे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी येथे दिसले. ज्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेने व्हीडीआरएल जगाला दिली, त्याच खात्याने १९३२ साली तिथल्या गरीब कृष्णवर्णी शेतमजुरांची रक्ते तपासली. उपदंश असलेले ३९९ आणि नसलेले २०१ पुरुष त्यांनी निवडले. रोग्यांना रोगाचे नाव सांगितलेच नाही. "तुमचे रक्त वाईट आहे" एवढेच सांगितले. रोग वाढत कसा जातो ते पाहायचे होते. पुढे पेनिसिलिन आले, घराघरांत पोचले, तरी या माणसांना ते मिळू दिले नाही. वर्तमानपत्रांनी १९७२ साली बोभाटा केला तेव्हा हा प्रकार थांबला. तोवर ४० वर्षे लोटली होती. कित्येक माणसे गेली, बायकांना रोग लागला, काही मुले तो घेऊनच जन्मली. अध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ साली सरकारच्या वतीने माफी मागितली. तपासणीत काही चूक नव्हती. नळीतले उत्तर खरे होते. ते ज्याचे त्याला दिले गेले नाही.

एक इंजेक्शन, आणि मग बाळ

पेनिसिलिनने उपदंश बरा होतो, हे १९४३ साली जॉन महोनी यांनी दाखवले, तेही त्याच स्टेटन बेटावर. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि ते औषध इथे तयार होऊ लागले. आश्चर्य म्हणजे इतकी वर्षे लोटली तरी हा जंतू पेनिसिलिनला दाद न द्यायचे शिकलेला नाही. ताज्या रोगाला बेंझाथीन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटांचे एक इंजेक्शन पुरते. रोग जुना असेल किंवा केव्हाचा ते कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन. गरोदरपणात याला पर्याय नाही, म्हणून पेनिसिलिनचे वावडे असलेल्या गर्भवतीलाही रुग्णालयात ठेवून, सावकाश मात्रा वाढवून, तेच देतात.

खेड्यापाड्यांच्या आरोग्यकेंद्रांत आता बोटाच्या टोचणीवर वीसेक मिनिटांत उत्तर देणाऱ्या पट्ट्या असतात. एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही कळणाऱ्याही आहेत. ही पट्टी चेहरा ओळखणाऱ्या जातीची, म्हणजे जुना बरा झालेला रोगही ती दाखवते. तरी गर्भवतीच्या बाबतीत पट्टीवर रेघ उमटली, की त्याच दिवशी पहिले इंजेक्शन द्यावे आणि बाकीची शहानिशा मागाहून करावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. हिशेब उघड आहे. एखादे इंजेक्शन फुकट गेले तर आईचा दंड दोन दिवस दुखेल. बाई परत आलीच नाही, तर बाळाला किंमत मोजावी लागेल. प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी औषध पोटात गेले, तर बाळ बहुधा सुखरूप सुटते.

मग बाळ जन्मते आणि त्याचेही रक्त तपासले जाते. पुष्कळदा तेही रिॲक्टिव्ह येते, आणि बाळंतिणीच्या खोलीत पुन्हा काळजीचे ढग जमतात. पण आईच्या रक्तातली गस्त नाळेतून बाळात उतरलेली असते. गस्त आईची, बाळाने ती नुसती उसनी घेतलेली. म्हणून डॉक्टर दोघांचे आकडे शेजारी मांडतात. आईचा १:८ आणि बाळाचा १:४ असेल, बाळाच्या अंगावर काही खुणा नसतील आणि आईला औषध वेळेवर मिळाले असेल, तर तो आकडा बहुतकरून उसनाच. बाळाचा आकडा आईच्या चौपट निघाला, तर मात्र बाळाची गस्त स्वतःची आहे असे समजून दहा दिवस पेनिसिलिन देतात. आकडा उसना असला तरी डॉक्टर नुसत्या भरवशावर राहत नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी, लशीच्या खेपांबरोबर, बाळाच्या रक्ताचे थोडे थेंब घेतात. १:४ चा १:२ होतो, मग नुसता १:१. साधारण सहाव्या महिन्यात, घरात उष्टावणाची तयारी चालू असते तेव्हा, प्रयोगशाळेतून एक चिठ्ठी येते. तिच्यावर 'नॉन-रिॲक्टिव्ह' असे लिहिलेले असते, आणि आई ती घडी घालून लशीच्या कार्डाच्या मागे ठेवून देते.